ऑब्सिडियन या नोट्सच्या ॲपमधल्या नोट्स आपोआप आपापल्या फोल्डरात जातील असं कोणी केलंय का?

सत्तरीवाली:
दोन वर्षं झाली, आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली धालोची (बायकांचा पौषातला नाच-गाण्यांचा खेळ) नि फुगडीची गाणी उतरवून घेतेय, आजीकडून, काकीकडून. साडेतीनशेच्या वर नोट्स झाल्यात नि सगळ्या एकाच फोल्डरात. प्रत्येक नोटच्या वर प्रॉपर्टीजमध्ये प्रकार, गाव, कोणी म्हटलं, तारीख एवढं भरते. परवा काकी म्हणाली, ते पौषातलं परत वाच गो, त्यात एक ओळ राहिलीय. अर्धा तास शोधत होते, मिळालं नाही, ती तशीच बसून राहिली, फार वाईट वाटलं. गावाचं नाव बघून नोट आपोआप त्या गावाच्या फोल्डरात जाते का?

फोंडेकर:
जाते. कम्युनिटी प्लगिनमध्ये, म्हणजे इतरांनी बनवलेल्या जोडण्यांमध्ये, ऑटो नोट मूव्हर शोध. फक्त तो टॅग आणि नोटचं नाव एवढंच बघतो, तुझी 'गाव' ही प्रॉपर्टी त्याला दिसणार नाही, म्हणून गाव टॅगमध्येपण घाल. फोल्डर आधी करून ठेव. नियम वरून खाली तपासतो नि जो पहिला जुळेल तिथे नोट जाते, तेव्हा क्रम नीट लाव. सुरुवातीला ट्रिगर मॅन्युअल ठेव, म्हणजे तू सांगशील तेव्हाच नोट हलेल, आणि त्याआधी अख्खा व्हॉल्ट, म्हणजे सगळ्या नोट्सचा मुख्य फोल्डर, कॉपी करून घे, साध्या फायलीच आहेत त्या.
आणि नुसतं केरी लिहू नको, केरी सत्तरीत आहे, पेडण्यात आहे नि आमच्या फोंड्यातपण आहे. सत्तरी/केरी असा टॅग कर.

मांडावरची:
मी गावावर फोल्डर करू नको असंच सांगेन. एक नोट एकाच फोल्डरात बसते, आणि गाणं तर माहेराहून सासरी जातं, तुझ्या आजीचं गाणं नक्की कुठल्या गावचं लिहिणार? फोल्डर प्रकारावर ठेव, धालो, फुगडी, बस. गाव, गाणारी, महिना प्रॉपर्टीतच राहू दे नि बेसेस वापर, ते २०२५ मध्ये ऑब्सिडियनमध्येच आलंय, वेगळं प्लगिन लागत नाही. सगळ्या नोट्सचा तक्ता दिसतो, गाणारीवर फिल्टर लावला की काकीची सगळी गाणी समोर. मी कुठे धालो, कुठे ढालो असं लिहून ठेवलं होतं, तक्ता उघडल्यावर लगेच दिसलं, तिथल्या तिथे सुधारलं.

सत्तरीवाली:
दोघांचंही केलं. प्रकाराचे दोन टॅग, दोन फोल्डर, नि बेसेसमध्ये काकीचं नाव आणि पौष असा फिल्टर. अकरा नोट्स आल्या, सातवी तीच. आजीच्या गाण्यांना आता 'माहेर' अशी वेगळी प्रॉपर्टी जोडतेय, ते तिला विचारूनच भरावं लागणार. काकीची राहिलेली ओळ काल रात्री लिहून घेतली, ती फक्त शेवटच्या रात्री म्हणतात म्हणे, म्हणून तेव्हा तिने म्हटलीच नव्हती.