मदत हवी आहे : हृदयातील गाठ कर्करोगाची नसेल, तर शस्त्रक्रियेची एवढी घाई का?

माझी थोरली बहीण 52 वर्षांची आहे. काही महिन्यांपासून तिला जिना चढताना धाप लागत होती, संध्याकाळी कणकण असायची आणि वजनही उतरले होते. ईएसआर (शरीरातील दाह सुचवणारी रक्तचाचणी) वाढलेला दिसल्यामुळे आधी क्षयरोगाच्या तपासण्या झाल्या. त्यांतून काहीच निघाले नाही. अखेर टू-डी इकोमध्ये हृदयाच्या डावीकडच्या वरच्या कप्प्यात, मधल्या पडद्याला देठाने चिकटलेली सुमारे 4 सेंटिमीटरची हलती गाठ आढळली. अहवालात मिक्सोमा या प्रकारच्या गाठीची शक्यता नोंदवली आहे. गाठ बहुधा साधी आहे, कर्करोगाची नाही, असा धीर डॉक्टरांनी दिला आणि त्याच भेटीत, लगेच दाखल होऊन ओपन हार्ट शस्त्रक्रिया करून घ्या, असेही सांगितले. या दोन गोष्टींचा मेळ आम्हाला बसत नाही.

औषधे घेऊन काही महिने थांबता येते का? ही रक्ताची गुठळी नाही, हे छाती न उघडता कळते का? आम्हा भावंडांनीही तपासून घ्यावे का? काढे सुचवणारे नातेवाईक पुष्कळ आहेत, तेव्हा कृपया जाणकारांनीच लिहावे.

प्रतिसाद :

मी भूलतज्ज्ञ आहे. आपल्या बहिणीचा इको मी पाहिलेला नसल्यामुळे हे सर्वसाधारण माहिती म्हणून वाचावे.

प्रौढांच्या हृदयात उद्भवणाऱ्या साध्या गाठींमध्ये मिक्सोमा सर्वाधिक आढळतो आणि चारांपैकी सुमारे तीन वेळा तो डावीकडच्या वरच्या कप्प्यातच असतो. तो सहसा कर्करोगासारखा पसरत नाही, हे खरे. पण देठावर झुलणारी ही गाठ ठोक्यागणिक मायट्रल झडपेच्या (डावीकडच्या वरच्या व खालच्या कप्प्यांमधल्या झडपेच्या) तोंडाशी येऊ शकते, आणि झडप अडली की धाप लागते, कधी भोवळ येते. शिवाय ती मऊ, ठिसूळ असल्यामुळे तिचा तुकडा सुटून मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकला, तर पक्षाघात होतो. तो कधी सुटेल हे कोणालाच सांगता येत नाही, म्हणून घाई. गोळ्यांनी ही गाठ विरघळत नाही. कणकण, वजन घटणे आणि वाढलेला ईएसआर यांचा संबंध बहुधा गाठीतून स्रवणाऱ्या इंटरल्यूकिन-6 या दाह वाढवणाऱ्या प्रथिनाशी असतो. गाठ निघाल्यावर ही लक्षणे सहसा ओसरतात.

सगळ्याच साध्या गाठी काढाव्या लागत नाहीत. तान्ह्या मुलांमधील ऱ्हॅब्डोमायोमा ही हृदयाच्या स्नायूतील गाठ पुष्कळदा आपोआप आक्रसते. मिक्सोमाला मात्र ही सवलत नाही.

गुठळी आणि गाठ यांतील फरक अन्ननलिकेतून केलेल्या इकोमध्ये आणि एमआरआयमध्ये बराच स्पष्ट होतो, तरी अंतिम निदान काढलेल्या गाठीच्या तपासणीवरूनच होते. स्टॉकहोममध्ये क्लॅरेन्स क्रॅफोर्ड यांनी 1954 मध्ये हार्ट-लंग मशीनच्या (शस्त्रक्रियेदरम्यान हृदय व फुप्फुसांचे काम करणाऱ्या यंत्राच्या) साहाय्याने असा मिक्सोमा प्रथम यशस्वीपणे काढला. आज अनुभवी केंद्रांत ही शस्त्रक्रिया नेहमीची आहे. देठाचे मूळही काढतात, त्यामुळे गाठ पुन्हा होण्याचे प्रमाण कमी राहते; तरीही नंतर ठरावीक काळाने इको करावा.

बहुतेक मिक्सोमा आनुवंशिक नसतात. मात्र तरुण वयात झालेला मिक्सोमा, एकाहून अधिक गाठी किंवा ओठांवर व पापण्यांवर काळसर ठिपके असतील, तर कार्नी कॉम्प्लेक्स या दुर्मिळ आनुवंशिक विकाराचा विचार करून भावंडांचाही इको करतात. हे शल्यविशारदांना जरूर विचारा.

तोपर्यंत अचानक बोबडी वळली, हातापायातील जोर गेला किंवा शुद्ध हरपली, तर शस्त्रक्रियेच्या तारखेची वाट न पाहता त्यांना थेट रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात न्यावे आणि मिक्सोमाचा अहवाल सोबत ठेवावा.