मुंबई–नागपूर: दारापासून दारापर्यंत किती वेळ?

मुंबई ते नागपूर हवाई अंतर साधारण 680 किलोमीटर, तिकिटावर वेळ दीड तासाच्या आसपास. जून 2025 मध्ये समृद्धी महामार्ग थेट भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत खुला झाला आणि आमच्या घरात वाद पेटला: विमान, गाडी की रेल्वे? नकाशावरचे आकडे नकोत. रिक्षा, सामान, पाऊस सगळं धरून तुमचा अनुभव लिहा.

ठाणेकर_सून
विमान सकाळी 9.10 चं. सव्वासहाला घर सोडलं, कारण चेक-इन तासभर आधी बंद होतं आणि घाटकोपरच्या आसपास काय होईल ते देवालाही ठाऊक नसतं. उतरलो पावणेअकराला. पट्ट्यावर बॅगांची वाट बघण्यात वीस मिनिटं, त्यात आंब्याची पेटी सगळ्यात शेवटी आली, एक कोपरा दबलेला. मानेवाड्याला नणंदेच्या दारात 11.35. झाले की सव्वापाच तास!

सोनेगावकर
राजेहो, आमचं बरं आहे, विमानतळ गावातच. मोठा भाऊ डोंबिवलीहून निघाला का फोन करते, तवा मी इकडं अंघोळीले पण गेलो नसतो. तो विमानात बसला का मी जेवतो न मग आरामात घ्यायला निघतो.

धावपट्टी
तिकिटावरची वेळ म्हणजे हवेतली वेळ नव्हे. विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू, पलीकडे जागेवर थांबलं की बंद. प्रत्यक्ष हवेत सव्वा तासाच्या आतबाहेर. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी चालवता येत नाहीत. म्हणून जमिनीवर रांग आणि आकाशात घिरट्या. शिवाय थंडीत वरचे वारे पश्चिमेकडून जोरात वाहतात. नागपूरला जाताना ते पाठीशी असतात, परतताना तोंडावर. तेच अंतर, पण येताना काही मिनिटं जास्त.

जुनं_टपाल
थोडं अवांतर. वडील टपाल खात्यात होते, त्यांच्याकडून ऐकलेलं. 1949 मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशी चारही बाजूंची विमानं मध्यरात्री नागपुरात जमायची, थैल्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतायची. नागपूर देशाच्या मधोमध असल्याचा असा रोकडा फायदा!

स्टेअरिंगवाला
समृद्धी 701 किमी. आमण्याहून नागपूरजवळच्या शिवमडक्यापर्यंत जेवण धरून नऊ तास. चौघं असाल तर तिकिटांपेक्षा स्वस्त पडतं, पण रस्ता इतका सरळ की डोळे मिटतात. शेजारी बडबड्या माणूस हवाच.

रात्रपाळी
दुरांतो. रुळांवरून 837 किमी, पण रात्री चढायचं न सकाळी नागपूर. झोपेतले तास मी मोजतच नाही.

पनवेलकर
डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झालाय, आम्हाला तो हाकेवर. फक्त तिकीट काढताना कोड बघा: बीओएम म्हणजे जुना, एनएमआय म्हणजे नवा. आमचा मावसभाऊ उतरला सहारला, म्हणजे जुन्यावर, आणि न्यायला गेलेली गाडी उलव्यात, नव्यावर. दीड तासात नागपूरहून आला, पुढचे अडीच तास आम्ही एकमेकांना शोधत होतो.