प्रतिसाद: एफएन एम७० या जुन्या बेल्जियन मोटारसायकलच्या इंजिनातली ठकठक
आयडलला ठकठक म्हणजे बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं बेअरिंग) गेलंच, असं या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय. एवढ्यावर क्रँककेस उघडू नका! ७४ × ८१ मिमीच्या या ३५० सीसी साइड-व्हॉल्व इंजिनाचं जड फ्लायव्हील क्रँककेसच्या बाहेर, क्रँकशाफ्टच्या निमुळत्या टोकावर (टेपरवर) बसतं. ते किंचित सैल झालं तरी अगदी तसाच आवाज येतो. मंद गतीत प्रत्येक स्फोटाला झटका बसतो ना. हबपाशी तांबूस भुकटी दिसली की समजा, टेपर घासतोय. फ्लायव्हील पुलरनेच (ओढून काढायच्या हत्याराने) काढा, कडेवर हातोडी मुळीच नको. चावी (शाफ्ट आणि फ्लायव्हीलच्या खाचेत बसणारा छोटा धातूचा तुकडा) काढून बारीक व्हॉल्व-पेस्टने दोन्ही टेपर एकमेकांवर घासा, पेट्रोलने धुवा, कोरडेच बसवा. भार टेपर पेलतो. चावी फक्त जागा धरते, म्हणून नुसती नवी चावी घातली तर तीही तुटणार.