पश्चिमेकडच्या १२ फुटी उघाडाला फोल्डिंग दार चालेल का? (सातारा)

शाहूपुरीकर
शाहूपुरीत बांधकाम सुरू आहे. स्लॅब झालाय, प्लास्टर आणि फरशी बाकी. हॉलमधून अंगणात जायचा उघाड १२ फूट रुंद, ८ फूट उंच, तोंड पश्चिमेला. वर ३ फुटांचा छज्जा. घरच्यांना पाच पानांचं ॲल्युमिनियमचं फोल्डिंग दार हवंय, कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय स्लायडिंगच घ्या. डासांची जाळी लागणारच. नक्की काय बघून ठरवायचं?

ओळंबा
सगळ्यात आधी पाऊस बघा. साताऱ्यात पावसाळाभर वारा पश्चिम-नैऋत्येचा, म्हणजे थेट तुमच्या दारावर. सर ४५ अंशांत आडवी आली तर ३ फुटांच्या छज्जाखाली वरचे ३ फूटच कोरडे राहतात, खालचे ५ फूट भिजतात. पाच पानांत चार उभे सांधे आणि दोन कडा, सगळी भिस्त रबरी गॅस्केटवर. पान जरा खाली आलं की गॅस्केट एका कोपऱ्यात दबत नाही आणि पाणी तिथूनच शिरतं.

फोल्डिंगच करायचं असेल तर पानं बाहेर उघडणारी घ्या. बंद पानाला वारा चौकटीवरच दाबतो, सांधा आणखी घट्ट बसतो. उंबरठा सपाट नको, आतल्या बाजूला उठाव असलेला घ्या. बाहेरची फरशी आतल्यापेक्षा निदान दीड-दोन इंच खाली आणि उतार बाहेर. उंबरठ्याला पाणी जायची भोकं असतात, ती फरशीवाला सिमेंटनं हमखास बुजवतो. काम चालू असताना स्वतः उभं राहून बघा.

कृष्णाकाठ
बीमबद्दल कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. १२ फुटांत पाच पानं म्हणजे एक पान साधारण २९ इंच. ६ मिमी टफन (तापवून मजबूत केलेली) काच चौरस मीटरला १५ किलो, म्हणजे एका पानाची काचच २६ किलोच्या आसपास. फ्रेम धरून ४० किलो समजा, पाचांचे २०० किलो. वरून टांगलेल्या सिस्टिमला हे सगळं बीमवर येतं. त्यातून काँक्रीटचा बीम सेंट्रिंग (काँक्रीटखालचा तात्पुरता आधार) काढल्यावरही पुढे काही महिने हळूहळू वाकत राहतो. मध्ये दोन सूत (पाव इंच) जरी खाली आला तरी वरचा ट्रॅक दाबला जातो, पानं अडकतात. खाली चाकं असलेल्या सिस्टिमला बीमवर वजन येत नाही, पण ट्रॅकमध्ये खडी-माती अडकते आणि चाकं झिजतात.

वर विटांचं काम आणि प्लास्टर पुरं होईपर्यंत माप देऊ नका. रुंदी वर, मध्ये, खाली. उंची तीन ठिकाणी. दोन्ही कर्णही मोजा. टफन काच नंतर कापता येत नाही, चुकलेलं माप म्हणजे नवी काच.

सांगली-मिरजेकडं काळ्या मातीत बांधणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया मुरमापर्यंत गेला नसेल तर चौकट तिरकी होते आणि सगळ्यात आधी फोल्डिंग दार अडतं. स्लायडिंगला रोलरचा स्क्रू फिरवून बरंच सावरता येतं.

शाहूपुरीकर
छज्जा ६ फुटांपर्यंत वाढवता येईल, पत्र्याची शेड जोडून. मग? आणि जाळी?

ओळंबा
६ फुटांची शेड असेल तर फोल्डिंग घ्यायला हरकत नाही, मात्र शेडचं पाणी पन्हळीतून बाजूला न्या. पानं बाहेर उघडत असल्यानं जाळी आतून बसेल: चुण्यांची जाळी, मध्यातून दोन्हीकडं ६-६ फूट सरकणारी. तिची खालची पट्टी फरशीच्या लेव्हलला बसते, म्हणून फरशी घालायच्या आधीच फॅब्रिकेटरला बोलवा. दुमडलेली पाच पानं कडेला दीड फुटाच्या आसपास जागा खातात आणि अडीच फूट बाहेर येतात, तिथं तुळस-कुंड्या ठेवू नका.

रोज ये-जा एकाच पानातून होणार, ते पान कडेला आणि बाहेरून कुलूप लागणारं घ्या.

कृष्णाकाठ
शेड होणार नसेल तर तीन काचेची शटरं आणि चौथा ट्रॅक जाळीला, असं स्लायडिंग करा. १२ पैकी ८ फूट मोकळं मिळतं. तीनच ट्रॅक घेऊन एक जाळीला दिला तर ६ फूटच उरतात. कोटेशनमध्ये ट्रॅक मोजून घ्या.