सिंगापूरची सहल बंद करावी का? मुलांचे कागद वाचल्यावर पडलेला प्रश्न

शहापूरची आई:
माझी मुलगी नववीत आहे. दसऱ्याच्या सुट्टीत तिच्या शाळेनं पाच दिवसांची सिंगापूर सहल काढली. बेळगावहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं बंगळूर, तिथून विमान. आता काही पालक म्हणतात, परदेशाची सहल पुढच्या वर्षीपासून बंदच करा. म्हणून हा धागा काढला.

पालकसभेला गेले तेव्हा वर्गाच्या भिंतीवर मुलांचे कागद लावलेले होते, 'सगळ्यात आवडलेली आठवण' म्हणून. मी एकूण एक वाचला. युनिव्हर्सल स्टुडिओ या मोठ्या मनोरंजन पार्कचं नाव दोघांनीच घेतलंय. तिथं हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याचे स्टॉल एकत्र असतात तिथं, जेवल्यावर आपला ट्रे आपणच नेऊन ठेवायचा असतो. त्याबद्दल एकानं लिहिलंय, 'पहिल्या दिवशी सरांनी सांगितलं म्हणून उचलला, तिसऱ्या दिवशी हात आपोआप गेला.' एक मुलगी रोज रात्री साडेनऊला खिडकीपाशी जाऊन बसायची, कारण आपल्याकडे तेव्हा सात वाजतात आणि घरी आजी देवापुढं दिवा लावते. माझ्या लेकीनं चांगी विमानतळावरून फोन केला, "आई, इथं घरातच धबधबा पडूलालाय बघ!" तो आवाज मला जन्मभर पुरेल. पैसे जमवायला आम्हाला दोन वर्षं लागली, तरी मी म्हणते सहल चालू राहावी.

वडगावचा मागवाला:
ताई, तुमच्या लेकीचा आनंद खरा आहे. पण भिंतीवरचे सगळे कागद वाचलात म्हणता, तर तिथं नसलेले किती होते ते मोजलंत का? माझा मुलगा त्याच वर्गात आहे. तो गेला नाही, अर्ध्याहून जास्त मुलं गेली नाहीत, आणि त्यांच्या हातात कुणी कागदच दिला नाही. ते पाच दिवस तो माझ्याजवळ बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरत होता. रात्री आम्ही दोघं तुटलेले धागे जोडत बसलो, तेव्हा पहिल्यांदा त्यानं मला विचारलं की आजोबांनी माग कधी घेतला. त्याचीही आठवण आहे की ही.

धबधब्याचं म्हणाल तर चांगीच्या ज्वेल नावाच्या इमारतीतला ४० मीटरचा, २०१९ साली माणसानं बांधलेला. आमच्या गोकाकला घटप्रभा ५२ मीटरवरून उडी घेते, बेळगावपासून साठेक किलोमीटरवर. त्या वर्गातल्या किती मुलांनी तो दसऱ्याच्या सुमाराला, पाणी असताना पाहिलाय? एसटीच्या भाड्यात अख्खा वर्ग जाऊन येईल, आणि एकही मूल मागं राहणार नाही.

मच्छेचा बाबा:
गोकाकला न्यायलाच पाहिजे, मान्य. पण माझ्या मुलानं जे लिहिलं ते गोकाकला मिळालं नसतं, म्हणून सांगतो.

सिंगापुरात बांधकामाच्या कुंपणावर चार भाषांची पाटी असते. इंग्रजी, चिनी, मलय आणि तमिळ, या चारही तिथल्या राजभाषा. मलयमध्ये 'बहाया' आणि तमिळमध्ये 'अपायम्', दोन्हींचा अर्थ धोका. पोरगं तिथंच थांबलं. तमिळ त्याला वाचता येत नाही, गाईडनं वाचून दाखवलं. आपल्या गल्लीतल्या विजेच्या खांबावर कन्नडमध्ये 'अपाय' लिहिलेलं असतं, ते तो रोज वाचतो. आणि बहाया म्हणजे संस्कृतातला भय. त्यानं लिहिलंय, 'चार ओळींतल्या दोन मला आधीच येत होत्या.'

आपल्या सीमाभागात पाटी म्हटलं की मराठी-कन्नडचा वाद आठवून मोठ्यांच्या कपाळावर आठ्या येतात. पाटीवर मराठी हवी, ही मागणी माझीही आहे आणि ती मी सोडणार नाही. पण तिथं भारतीय वंशाचे लोक शंभरात नऊच्या आसपास, त्यातही सगळे तमिळ नाहीत, तरी त्यांची भाषा पाटीवर आहे. हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि चौदाव्या वर्षी समोर उभं राहून बघणं वेगळं.

निपाणीकर:
पाटीवरून एवढा मोठा निष्कर्ष काढू नका. मी तिथं चार वर्षं नोकरी केलीय. पाटीवर चार भाषा असल्या तरी १९८७ पासून शाळांचं माध्यम इंग्रजीच, मातृभाषा हा एक विषय. चिनी मुलांना शाळेत मँडरिन मिळते, पण ज्यांच्या आज्या होक्किएन नाहीतर तेओच्यू बोलायच्या, त्यांची घरची बोली १९७९ च्या 'मँडरिन बोला' मोहिमेनंतर मागं पडत गेली. कित्येक घरांत नातवाला आजीशी नीट बोलता येत नाही. सीमाभागातल्या मुलाला सिंगापूर दाखवायचंच असेल तर हीपण बाजू दाखवा. पाच दिवसांच्या सहलीत ती कोण दाखवणार?

मच्छेचा बाबा:
होय, हे मला माहीत नव्हतं. आज रात्री त्याला सांगतो. तरी त्यानं पाटी बघितली म्हणून तुमचं हे सांगणं त्याला कळेल, एवढं धरून ठेवतो.

खानापूरचा माजी विद्यार्थी:
मी सहा वर्षांपूर्वी अशाच सहलीला गेलो होतो. मरलायनच्या, म्हणजे सिंहाचं तोंड नि माशाचं अंग असलेल्या पुतळ्याच्या, समोरचे फोटो आहेत, पण तिथं काय वाटलं होतं ते आठवत नाही. आठवतात आमचे गणिताचे सर. तेही पहिल्यांदाच विमानात बसले होते. विमान उठताना त्यांनी माझा हात घट्ट धरला, आणि मी म्हणालो, "सर, भिऊ नका, मी आहे की." त्या दिवसापासून मी वर्गात हात वर करून प्रश्न विचारायला लागलो. गोकाकला सर मला सगळं समजावत राहिले असते. नवख्या जागी आम्ही दोघं सारखे होतो. म्हणून मागवाले काका, माझं मत सहलीच्या बाजूनं. पण कागद सगळ्यांना मिळायला हवा होता, हे तुमचं बरोबर.

शहापूरची आई:
दादा, तुम्ही मोजायला सांगितलंत म्हणून लेकीला विचारलं. बेचाळीस मुलं, अठरा कागद. हे माझ्या डोळ्यांना दिसलं नाही याचं फार वाईट वाटलं. येत्या सभेत मी दोन गोष्टी मागणार आहे: पावसाळा संपता संपता अख्ख्या वर्गाला गोकाक, आणि भिंतीवर उरलेले चोवीस कागद. कांड्यांची गोष्ट तुमच्या मुलानं लिहावी. तुम्ही सभेला याल का?

वडगावचा मागवाला:
येतो ताई. कागद लिहायला आजच बसवतो त्याला. सिंगापूरला माझा विरोध आहे तो आहेच, सभेतही तेच बोलणार.