आर्टरी, धमनी आणि रोहिणी

प्रश्न : आर्टरी हा शब्द हवेवरून आला असं वाचलं. आपल्या ‘धमनी’तही फुंकण्याचा धातू दिसतो. म्हणजे ग्रीक आणि भारतीय, दोन्हीकडच्या वैद्यांना या नळ्यांत वारा असतो असंच वाटत होतं का?

उत्तर : ग्रीकांपैकी काहींना नक्की वाटत होतं. ‘आर्तेरिया’ म्हणजे आधी श्वासनलिका. मरणानंतर धमन्या आकसतात आणि त्यांतलं बरंचसं रक्त शिरांकडे सरकतं. मृतदेह उघडणाऱ्याला त्या रिकाम्या दिसत. कोस बेटावरच्या प्राक्सागोरस या ग्रीक वैद्याने त्यांत ‘न्यूमा’, म्हणजे प्राण देणारा वारा, वाहतो असं मानलं. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गॅलेन या ग्रीक वैद्याने जिवंत प्राण्याची धमनी दोन ठिकाणी बांधली, मधला भाग कापला आणि आत रक्तच आहे हे दाखवून दिलं. नाव मात्र तेच राहिलं. ‘हवा धरून ठेवणारी’ ही फोड जुनी आणि लोकप्रिय असली, तरी आज बरेच अभ्यासक ‘उचलणे, टांगणे’ या क्रियापदाकडे बोट दाखवतात. ‘एऑर्टा’ (हृदयातून निघणारी मुख्य धमनी) हा शब्दही त्याच घरातला.

धमनीबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. धातू ‘ध्मा’, फुंकणे. गीतेच्या पहिल्या अध्यायात भीम शंख फुंकतो तिथलं ‘दध्मौ’ याच धातूचं. पण अथर्ववेदात (१.१७) रक्तस्राव थांबवण्याचं सूक्त आहे, आणि त्यात शंभर धमन्या आणि हजार ‘हिरां’चा, म्हणजे शिरांचा, उल्लेख येतो. वाहतं रक्त थांबवायला ज्यांना साकडं घातलं, त्या नुसत्या वाऱ्याच्या नळ्या कशा असतील? मला वाटतं, फुंकण्याची पोकळ नळी तशी ही शरीरातली नळी, एवढंच त्या नावामागे असावं. चरकसंहितेत ‘ध्मानाद्धमन्यः स्रवणात्स्रोतांसि सरणात्सिराः’ अशी व्युत्पत्ती आहे, आणि टीकाकार चक्रपाणि तिथे ध्मान म्हणजे ‘भरणे’ असा अर्थ लावतो. सुश्रुताच्या चोवीस धमन्या नाभीतून निघतात आणि शब्द, स्पर्श, श्वास असं बरंच काही वाहतात. तेव्हा सुश्रुताची धमनी आणि आजची आर्टरी एकच, असं समजून जुने ग्रंथ वाचू नयेत.

पुरवणी : श्वासनलिकेचं मूळ नावच धमन्यांकडे गेल्यावर तिला ‘खरखरीत आर्तेरिया’ म्हणू लागले, कारण तिच्यातल्या कूर्चेच्या कड्या हाताला लागतात. पुढे नाम गळलं आणि उरलं विशेषण. तेच आजचं ‘ट्रेकिया’, शब्दशः नुसतं ‘खरखरीत’.

प्रश्न : आम्ही शाळेत धमनीला रोहिणी आणि शिरेला नीला म्हणायला शिकलो. ते शब्द बरे नाहीत का?

उत्तर : कानाला गोड आहेत, पण ती रंगावरून पडलेली नावं: रोहिणी तांबडी, नीला निळी. हृदयाकडून फुप्फुसाकडे जाणाऱ्या रोहिणीत ऑक्सिजन कमी असलेलं काळपट रक्त असतं, आणि फुप्फुसाकडून परतणाऱ्या नीलेत लालभडक. रक्त हृदयापासून दूर नेते ती आर्टरी, ही आजची व्याख्या दिशेवर उभी आहे. म्हणून मी धमनीच वापरतो. तिच्या नावात रंग नाही.