शेल मिडनला मराठीत काय म्हणायचं? उकिरडा चालेल का?

पाटावरवंटा:
मंडळी, मदत हवीय. समुद्रकाठच्या प्राचीन लोकांच्या मासेमारीवरचा एक लेख मराठीत करतोय आणि पहिल्याच पानावर गाडी अडकलीय. शब्द आहे शेल मिडन. म्हणजे हजारो वर्षांपूर्वी लोकांनी कालवं, तिसऱ्या, खुबे असलं काय काय खाल्लं, टरफलं एकाच जागी टाकली, पोरांनी नातवंडांनी पण तिथेच टाकली, आणि त्याचा जो ढीग झाला तो. नुसती टरफलं नसतात त्यात, माशांचे काटे, हाडं, राख, कोळसा, मोडकी हत्यारं सगळं निघतं. डेन्मार्कमधे एर्टेबोले म्हणून जागा आहे तिथला ढीग साधारण 140 मीटर लांब, 20 मीटरपर्यंत रुंद आणि काही ठिकाणी जवळजवळ 2 मीटर जाड!

मी आधी "शिंपल्यांचे ढिगारे" लिहिलं, पण ते लाटांनी आणून टाकल्यासारखं वाटतं. एका मित्राने "कवचसंचय" सुचवलं, मला कर्णच आठवला. मला आपला "उकिरडा" बरा वाटतोय पण बायको म्हणते लेख वाचायच्या आधीच वास येईल.

सुकतीची_वाट:
वास येतोच की, त्यात काय! आमच्याकडे मालवणात सुकतीला, म्हणजे ओहोटीला, बायका खडपावर जाऊन कालवं काढतात, आजी घरी आणून फोडायची आणि टरफलं मागच्या एका माडाच्या बुंध्याशी टाकायची, कायम त्याच माडाच्या. आता आजी नाही पण तिथे खणलं तर अजून पांढरा थर लागतो. तेव्हा माझ्या मते आजीने शेल मिडन केलंय फक्त तिला ते माहीत नव्हतं :) आमच्याकडे उकिरड्याला गायरी पण म्हणतात, पण गायरी म्हटलं की शेण आणि खत डोळ्यासमोर येतं, टरफलं नाही. त्यामुळे गायरी नको.

जुनी_पोथी:
शेण डोळ्यासमोर येतं म्हणून शब्द बाद करू नका, कारण मूळ शब्दातच शेण आहे. मिडन हा इंग्रजीत स्कँडिनेव्हियन भाषांतून आलेला शब्द, जुन्या नॉर्सकडे गेलं तर त्याचे दोन तुकडे पडतात, एक शेण आणि दुसरा ढीग. म्हणजे चक्क उकिरडा. आणि पुरातत्त्वात तो आला डॅनिशमधून. तिकडे या ढिगांना म्हणतात क्योकनमोडिंग (कोकणाशी काही संबंध नाही, उगाच खूश होऊ नका). क्योकन म्हणजे स्वयंपाकघर आणि मोडिंग म्हणजे आजही डॅनिश शेतकऱ्याच्या गोठ्यामागचा शेणाचा ढीग. 1848 मधे तिकडच्या विज्ञान अकादमीने तिघांची समिती नेमली, भूवैज्ञानिक फोर्शहामर, प्राणिशास्त्रज्ञ स्टीनस्ट्रुप आणि पुरातत्त्ववाले वॉर्से. तोवर लोकांना वाटायचं की हे समुद्राने टाकलेले जुने किनारे आहेत, पाटावरवंटा यांना "ढिगारे" मधे जी अडचण वाटली अगदी तीच. मग लक्षात आलं की टरफलं बहुतेक मोठ्या, पूर्ण वाढलेल्या कालवांचीच आहेत, बारकी जवळजवळ नाहीतच, मधे चुली आहेत, गारगोटीची हत्यारं आहेत. समुद्र काही निवडून खात नाही.

आता मजा बघा, स्टीनस्ट्रुपला त्यात पक्ष्यांच्या हाडांचे फक्त मधले दांडे मिळत होते, टोकं गायब. त्याने कुत्र्यांना हाडं घालून बघितली, तर कुत्री नेमकी टोकं खातात आणि मधला भाग सोडतात! म्हणजे त्या लोकांकडे कुत्री होती आणि ती ढिगावर उकरत होती. आता उकिरड्यावर कुत्री नसतील तर कुठे असतील? मराठी शब्द संस्कृत उत्करावरून, प्राकृतात उक्कुरुड, अर्थ ढीग, केर. तेव्हा माझं मत उकिरड्यालाच. आपल्याकडे म्हणतातच की उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते, यांची फिटायला सहा हजार वर्षं लागली एवढंच.

खडूस_मास्तर:
पोथीताई, व्युत्पत्ती एक नंबर, पण शब्द अर्थाने चालतो, जन्मदाखल्याने नाही. उकिरडा म्हटलं की टाकाऊ. ब्राझीलच्या दक्षिण किनाऱ्यावर सांबाकी म्हणून ढीग आहेत, तिथल्या मूळ रहिवाशांच्या तुपी भाषेतला शब्द, शिंपले आणि रास असे दोन तुकडे. काही तर 30 मीटरच्या वर उंच होते, म्हणजे दहा मजली बिल्डिंग. त्यांच्यात माणसं पुरलेली आहेत, एक दोन नाही, भरपूर. आता मेलेल्या आजोबांना कोणी उकिरड्यात पुरतं का? तिथे ढीग मुद्दाम रचलाय.

दुसरं, गुजरातेत द्वारकेकडे नागेश्वर आहे, हडप्पा काळातलं. तिथेही शंखांचे तुकडेच तुकडे, पण तो बांगड्या आणि पळ्या बनवायच्या कारखान्याचा कचरा आहे. एका जातीच्या शंखाच्या बांगड्या, दुसऱ्या काटेरी शंखाच्या पळ्या. त्याला स्वयंपाकघराचा उकिरडा म्हणणार का? त्यामुळे माझा प्रस्ताव "शंखशिंपल्यांची रास". रास धान्याची पण असते, मान आहे त्या शब्दाला.

पाटावरवंटा:
मास्तर, सांबाकीचा मुद्दा एकदम मान्य, मला ते माहीतच नव्हतं. पण रास म्हटलं की खळं आठवतं, कोणीतरी मोजून घरी नेणार असं वाटतं. इथे तर खाऊन झालंय.

आणि नागेश्वरच्या कारागिरांच्या कचऱ्याला सरळ "शंखांचा चुरा आणि तुकडे" लिहितो.

तरंगता_गळ:
जपानी शब्द कोणी काढला नाही अजून, काइझुका, काई म्हणजे शिंपला आणि झुका म्हणजे टेकाड. 1877 मधे एडवर्ड मोर्स नावाचा अमेरिकन योकोहामाहून तोक्योला ट्रेनने चालला होता, ओमोरीजवळ रुळांसाठी कापलेल्या बांधात त्याला खिडकीतून पांढरा थर दिसला आणि तिथे जपानमधलं पहिलं शास्त्रीय उत्खनन झालं. आपण कोकण रेल्वेत खिडकीतून वडेवाला शोधतो. तर "शिंपल्यांचं टेकाड" कसं वाटतं? वास नाही, अपमान नाही.

पण एक धोका सांगतो जो कुठल्याही शब्दात आहे, कारण शब्दात "शिंपले" घातलं की वाचणाऱ्याला वाटतं हे लोक फक्त शिंपलेच खात होते. टरफल जड असतं, टिकतं, म्हणून डोळ्यात भरतं. जेफ बेली या पुरातत्त्वज्ञांनी हिशोब मांडला होता की एका लाल हरणाएवढं पोट भरायला 50 हजाराच्या वर कालवं लागतील!! आणि एर्टेबोलेच्या ढिगात मासे बघितले तर चक्क गोड्या पाण्यातले मासे आणि वाम सगळ्यात जास्त. तेही बारीक जाळीच्या चाळणीतून माती चाळली म्हणून कळतं, मोठ्या भोकांच्या चाळणीतून काटे निघून जातात आणि मग अहवालात लिहितात मासे नव्हते. म्हणून मला डॅनिश शब्द आवडतो, त्यात शिंपला नाहीच, स्वयंपाकघर आहे.

सुकतीची_वाट:
हे पटलं. आजीच्या माडाखाली पण बांगड्याचे काटे मांजराने नेले, टरफलं राहिली.

कोकणात असे जुने ढीग का ऐकू येत नाहीत याचं मला एक कारण वाटतं, चुना. आमच्याकडे शिंपले भाजून चुना करायचे, आयता ढीग दिसला तर भट्टीवाला सोडेल का? ब्राझीलमधे पण सांबाकी चुन्यासाठीच फोडले म्हणे. पण समुद्राची खूण आपल्याकडे दगडावर आहे, रत्नागिरीकडच्या कातळशिल्पांमधे मुशी (शार्क) आहे, पाकट आहे, पाकट तर शेपटीवरून लांबून ओळखू येते.

जुनी_पोथी:
आणि बरेचसे किनारेच पाण्याखाली गेलेत हेही लक्षात घ्या. 20 हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा 120 मीटरच्या आसपास खाली होता, तेव्हाचे ढीग असतील तर ते आता ट्रॉलरच्या जाळ्याखाली.

मास्तर, "रास" मला अजून नको वाटते पण मूळ लेखात थडगी असतील तिथे उकिरडा नको हे मान्य.

पाटावरवंटा:
ठरवलं. डेन्मार्कसाठी "स्वयंपाकघराचा उकिरडा", पहिल्यांदा येईल तिथे क्योकनमोडिंगची गोष्ट कुत्र्यांसकट सांगून. जपानला "शिंपल्यांचं टेकाड", ते त्यांच्याच शब्दाचं आहे. ब्राझीलला सांबाकी तसंच. एका लेखात तीन शब्द म्हणजे संपादक ओरडणार, पण तीन वेगळ्या गोष्टी आहेत तर काय करू.

आता एकच राहिलं, माशाच्या डोक्यात जो पांढरा खडा असतो, ज्यावरच्या वळ्या मोजून मासा कुठल्या मोसमात पकडला ते सांगतात, त्याला कोळी लोक काय म्हणतात? "कर्णाश्म" लिहायचं जिवावर आलंय.

खडूस_मास्तर:
खडा म्हणा. तुम्हीच आत्ता म्हणालात.